डावा पाय थोडा मोठा

बेलमिरो म्हणतो, बूट सकाळी घेऊ नयेत.
सकाळचा पाय खोटं बोलतो.
दिवसभर उभा राहून, चढून, चरफडून
संध्याकाळी जरा फुगतो,
तेव्हा कुठे खरं माप देतो.
म्हणून आमचं दुकान चारला उघडतं.
गल्लीतले म्हणतात, म्हातारा आळशी आहे.
तेही खरं असेल.

लिस्बनच्या या टेकाडावर रस्ता म्हणजे
पांढऱ्या चुनखडीचे लिंबाएवढे दगड,
पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी घासून गुळगुळीत.
पाऊस नसतानाही पाय सटकतो.
महिन्याला एक तरी मनगट मोडतं.

दोना झुल्मिरा मंगळवारी आली.
हातात डॉक्टरांची चिठ्ठी: रोज चाळीस मिनिटं चालणे,
जेवणानंतर, गोळीसारखं.
"छत्तीस नंबर," ती म्हणाली. "काळे. स्वस्त."

बेलमिरोनं ऐकलंच नाही.
तो खाली बसला (त्याचे दोन्ही गुडघे वाजतात)
आणि पितळी पट्टी तिच्या टाचेशी सरकवली.
उजवा साडेअडतीस.
डावा एकोणचाळीस.

"शक्यच नाही. लग्नात छत्तीस होता."
"लग्न कधी झालं?"
ती हसली नाही.
आईनं सांगितलं होतं, बाईचा पाय लहान असावा,
आणि ती पन्नास वर्षं बोटं मुडपून चालली.
करंगळी शेजारणीच्या कुशीत शिरून
कधीच झोपी गेली होती.

मी माळ्यावरून खोकी आणत राहिले.
खालून त्याचा आवाज, रोजचाच:
मोठ्या पायाचं ऐकायचं,
धाकट्याला जाड मोजा घालता येतो.
पायाच्या अंगठ्यापुढे हाताचा अंगठा मावला पाहिजे.
टाच धरलेली हवी, आवळलेली नको.
पाय वाकतो तिथेच बूट वाकला पाहिजे,
मधेच दुमडला की परत खोक्यात.
आणि पिळून बघायचा, ओल्या फडक्यासारखा.
पिळला गेला, तर ते फडकंच.

मग त्यानं तिचे जुने जोडे उलटे केले.
उजवा बरा होता.
डाव्या टाचेची बाहेरची कड कागद झाली होती.
"डावीकडे कुणाला धरून चालायचात?"
ती दाराबाहेर बघत राहिली. ट्राम गेली.
"अकरा वर्षं," म्हणाली.
पुढे काही नाही.
मला विचारायचं होतं. त्यानं विचारलं नाही.

दुकानात मागे तीन पावलांचा एक उतार आहे,
रस्त्याच्याच दगडांचा,
नगरपालिकेच्या खड्ड्यातून रात्री उचललेल्या.
तिथे चालवल्याशिवाय बेलमिरो पैसे घेत नाही.
ती उतरली.
बोटं पुढे आदळली? नाही.
टाच निसटली? नाही.
फक्त डावा कोपर अंगापासून सुटलेला,
कुणाला तरी जागा ठेवल्यासारखा.
दुसऱ्या फेरीतही.
बेलमिरो बुटांकडेच बघत होता.
"नाडी एक भोक वर बांधा," एवढंच म्हणाला.

राखाडी रंग, रुंद नाक.
"होड्या आहेत," ती म्हणाली.
"होड्याच. पण घसरत नाहीत."
तिनं नोटा दोनदा मोजल्या.

शनिवारी संध्याकाळी परत हजर, भांडायच्या तयारीत:
उजवी करंगळी ठणकते.
"ठणकणारच. पन्नास वर्षांनी उठलीय."
तरी त्यानं बुटात लाकडी साचा घातला
आणि रात्रभर ताणायला ठेवला.
जुने जोडे घालून जायला ती तयार होईना.
दुकानभर बघितलं,
आणि माझ्या सपाता मागितल्या.

दिल्या.
दहा तास उभी असते मी त्यांच्यावर,
मालाच्या पेटीबरोबर फुकट आल्या होत्या.
जाताना तिनं सहज एक हातात घेऊन पिळली.
पूर्ण पिळली गेली.

बेलमिरोनं पाहिलं. काही बोलला नाही.
घड्याळात सव्वासात झाले होते.
गुडघे वाजवत खाली बसला
आणि पितळी पट्टी
माझ्याकडे सरकवली.